बंद बटणाचे दिवे

आप्पांनी अँब्युलन्सला नकार दिला. "त्या गाडीतून गावात गेलो तर मी पाय खाली टेकवायच्या आधी बाया रडायला बसतील," ते म्हणाले. एवढं वाक्य पुरं करायला त्यांना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला.

आप्पा म्हणजे माझे वडील. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्यात त्यांची उमर गेली. आई आणि मी गावी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत. ते इथे, गाळ्यातल्या माणसांबरोबर एका खोलीत. त्या पॉलिशवर मी शिकले. तालुक्याच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. प्रमाणपत्र हातात घेण्याआधी आप्पांनी मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, तरी कागदाच्या कडेला राखाडी बोट उमटलंच. तो डाग मी जपून ठेवला आहे. नोकरी लागल्यावर मी आईला घेऊन इथे आले, जेसल पार्कच्या बाजूला भाड्याने घर घेतलं, आणि त्याच सुमारास आप्पांची छाती भरायला लागली. पॉलिशची धूळ फुप्फुसात बसली होती. ती निघत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आता ते एका मशीनवर जगतात. छोट्या कपाटाएवढं मशीन, खोलीतली हवा आत ओढतं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडतं. वीज असली की ते घरघरत राहतं. वीज गेली की घरातली सगळी माणसं उभी राहतात.

आप्पांना वैशाख पौर्णिमेला गावी जायचं होतं. वाडीतलं विहार बांधताना त्यांनी स्वतः चिरे वाहिले होते, आणि तिथे एकदा बसून वंदना म्हणायची होती. आईला विचारलं तर ती म्हणायची, "बघू." डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "न्या. पण मशीन चालू राहिलं पाहिजे. थोडा वेळ बंद पडलं तर चालेल, फार वेळ नाही."

म्हणून मामांची गाडी.

मामा सख्खे नव्हेत. आप्पांबरोबर गाळ्यात कामाला होते, रायगडचे. धूळ सोसली नाही म्हणून लवकर बाहेर पडले आणि ड्रायव्हर झाले. काशिमिऱ्याकडे मालिकांची शूटिंगं चालतात, तिथे नटनट्यांना तयार व्हायला ज्या व्हॅनिटी व्हॅन असतात, त्या ते चालवायचे. त्यांतली एक जुनी गाडी मालकाने मोडीत काढली तेव्हा मामांनी ती घेतली, नया नगरमधल्या एका सुताराकडून आत पलंग, ओटा आणि बेसिन करून घेतलं, पाण्याला छोटा पंप लावला, छताला पंखा आणि स्पीकर बसवले, पलंगाखाली दोन मोठ्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर ठेवला. लोक ती गाडी घेऊन कोकणात, गोव्याला जातात, गाडीतच जेवतात, गाडीतच झोपतात. मामांनी जुनं सगळं काढलं, एक आरसा तेवढा ठेवला. माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंत दिसेल एवढा, आणि भोवती पिवळ्या बल्बची चौकट.

"बायकांना आवडतो," मामा म्हणाले. आम्ही पहिल्यांदा गाडी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. "शूटिंगला होती ना गाडी, तेव्हा मेकअपवाल्या पोरी बोलायच्या, हिच्यात एक जास्तीची बाई बसते. आरशासमोर. मी बोललो, बसू दे बाबा, आपल्याकडे चहा थोडीच मागतेय."

मी हसले. आई हसली नाही. ती आरशाकडे पाठ करून उभी राहिली.

मी इन्व्हर्टर आणि यूपीएस विकणाऱ्या एका कंपनीच्या सर्व्हिस विभागात काम करते. आप्पांचं मशीन गाडीच्या बॅटरीवर चालतं का ते मीच तपासायचं ठरलं, म्हणून मामांनी गाडी आमच्या बिल्डिंगच्या पलीकडे, रस्ता जिथे खाडीला लागून संपतो तिथे आणून लावली आणि दोन्ही चाव्या आमच्या घरी ठेवल्या. "आरामात बघ. तोपर्यंत बुकिंग घेत नाय मी," म्हणाले.

पहिली तपासणी छान झाली. मशीन गाडीत नेऊन लावलं, ते घरच्यासारखंच घरघरलं, बॅटरी जराही दमली नाही. आप्पांना येऊन सांगितलं तर ते म्हणाले, "मग शर्ट इस्त्रीला दे."

काही दिवसांनी संध्याकाळी कामावरून येताना मी सहज गाडीत शिरले. भरतीची वेळ होती, खाडीचा वास आत कोंडला होता. मी पंखा लावला. पाती फिरायला लागली, आणि समोर आरशाभोवतीचे दिवे पेटले.

पेटले म्हणजे उजेड पडला नाही. बल्बच्या आतली तार तेवढी लाल झाली, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. आरशाचं बटण बंद होतं. मी ते चालू करून पुन्हा बंद केलं, तरी तारा तशाच लाल. त्या लालसर चौकटीत माझा चेहरा मला ओळखीचा वाटेना. मग छतातल्या स्पीकरमधून आवाज यायला लागला, अगदी बारीक, कुणीतरी दातांआडून श्वास सोडत बोलावं तसा. स्पीकरही बंदच होता.

मी पंखा बंद केला. दिवे गेले, आवाज गेला. मी खाली उतरले. चावी फिरवून दार पुन्हा ओढून बघितलं.

रविवारी उजेडात मीटर घेऊन गेले. आमच्या विभागात मी दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी सोडवते, त्याची एक रीत आहे. घाबरलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचा, "शेवटचं काय बदललं?" नवीन फ्रिज आणला का, भिंतीत खिळा मारला का. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. मी स्वतःला तोच प्रश्न विचारला आणि उत्तर आलं, काहीच नाही. गाडी जागेवरून हललीही नव्हती.

बॅटरी मोजली, भरलेली होती. मशीन लावलं, तर इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला, बॅटरी रिकामी असल्यासारखा. पुन्हा बॅटरी मोजली, भरलेली. फ्यूज बघितले, ठीक. पंप चालू केला तर आरशाचे दिवे फडफडले. बेसिनचा नळ बंद होता तरी पंप आतल्या आत घुटमळत राहिला, घसा खाकरल्यासारखा. बाहेर रणरणतं ऊन होतं, पलीकडच्या मिठागरांवरून येणारा पांढरा उजेड डोळ्यांत खुपत होता, आणि मी त्या पत्र्याच्या खोलीत एकटी बसून आरशाकडे बघायचं टाळत होते.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "मी बोललो नव्हतो? मस्करी वाटली ना तुला?"

"मामा, गोव्याला लोकं घेऊन जाता तेव्हा असं होतं?"

"कधीच नाय. तेच तर बोलतोय. तुमच्याकडे आल्यावर चालू झालं." मग म्हणाले, "ती माणूस बघून येते."

शेवटी सापडला तो एक बोल्ट. गाडीत प्रत्येक वस्तूला विजेची एकच तार जाते, परतीचा रस्ता गाडीचा पत्रा असतो. पंखा, पंप, इन्व्हर्टर, सगळ्यांची वीज पत्र्यातून फिरून एका जाड काळ्या तारेने बॅटरीला परत येते. ती तार पलंगाच्या उशाकडे, बॅटरीच्या पेटीमागे, चाकावरच्या पत्र्यात एका बोल्टने आवळलेली होती. पंखा चालू करून मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या खांबाला आणि दुसरं गाडीच्या पत्र्याला लावलं. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. काटा वर गेला. हात घालून बोल्ट चाचपला तर बोटं ओली झाली, आणि बाहेर काढली तेव्हा हिरवी होती.

तांबं गंजलं होतं. घरी परतायची वाट बंद झाल्यावर वीज दुसऱ्या वाटा शोधते. आरशाच्या दिव्यांची एक जुनी तार अजून थेट बॅटरीच्या काळ्या खांबाला गेलेली होती, व्हॅनिटीच्या काळातली, तीच चोरवाट. पंख्याची वीज त्या दिव्यांमधून परतत होती, थोडी स्पीकरमधूनही. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले, आणि त्या बंद गाडीत ते हसू मलाच बरं वाटलं नाही.

केबिन रोडवरून नवीन जाड तार आणि तांब्याची टोकं आणली, पत्रा घासून चकचकीत केला, बोल्ट बदलला. काटा शून्यावर. मशीन सुरळीत. आरसा काळा. आप्पांना सांगितलं, ते म्हणाले, "शिकवलं ते कामाला आलं म्हणायचं." आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

पौर्णिमेला फार दिवस उरले नव्हते. शेवटचं एकदा बघावं म्हणून मशीन गाडीत नेलं. लावलं. इन्व्हर्टर किंचाळला. मी मान वळवली नाही, तरी कडेने दिसलंच, आरशाची लाल चौकट.

बोल्ट मी बसवलेला होता. माझ्या हातचा, कोरा. तो हिरवा होता, ओला होता, आणि त्याच्याभोवती पत्र्याला पांढरी पापडी धरली होती. खाडीची खारी हवा, मी स्वतःला सांगितलं. पण खारी हवा सगळ्या गाडीला लागते. त्याच एका जागेला, आप्पांचं डोकं जिथे येणार होतं त्याच्या बरोबर खाली, ती एवढी कशी लागेल? त्या दिवशी मी पत्रा घासत होते आणि स्पीकर दातांआडून बोलत होता, आणि खरं सांगते, मी त्यातले शब्द ऐकायचा प्रयत्न केला.

घरी आले तर आईने ताट वाढता वाढता म्हटलं, "नको जायला."

"का नको?" आप्पा आतून म्हणाले.

"गाडी बरी न्हाय."

"गाडीला काय झालंय? पोरगी बघतेय ना."

"पोरगीच भ्यालीय," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता तिने हे सांगितलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि घास घातला.

फक्त मशीन ऐकू येत होतं. मग आप्पा म्हणाले, "मला तिथं नेऊन सोडा. परत आणायचं तुमच्यावर ओझं नाय."

आई ताट तसंच ठेवून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

त्या शनिवारी मला दुपारीच सुटका मिळाली. घरी न जाता मी सरळ खाडीकडे गेले. उन्हाने रस्ता ओस पडला होता. गाडीचं दार अर्धवट लोटलेलं होतं, आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता.

आईचा आवाज. आधी वाटलं फोनवर आहे. ती मध्ये मध्ये थांबत होती, समोरून उत्तर येत असल्यासारखी.

"तुला बसायचं तर बस, बाई. गाडी तुझी. आम्ही एका दिवसाचे पाव्हणे."

थांबली. स्पीकरमधला तो श्वास मला दारापर्यंत ऐकू आला.

"हां. पर त्यांच्या नळीला हात नको लावू. तेवढं ऐक."

मी पायरीवर चढले. आई आरशासमोरच्या स्टुलावर बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन, परक्या माणसासमोर बसावं तशी. वर पंखा फिरत होता. आरशाच्या दिव्यांच्या तारा लाल झाल्या होत्या, आणि त्या लाल चौकटीत आईचा चेहरा होता, तिच्या खांद्यावरून माझा. आईने आरशात मला पाहिलं आणि ती दचकली, अशी की मीही मागे वळून पाहिलं.

मागे खाडी होती.

मी आत जाऊन पंखा बंद केला. दिवे विझले, स्पीकर गप्प झाला.

"गेली," आई हळू म्हणाली.

मी पंखा लावला. तारा लाल झाल्या. पुन्हा बंद केला. आई आता आरशाकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. आणखी एकदा करून दाखवायचं मनात होतं, पण तिचा चेहरा बघून हात खाली घेतला.

मग पलंग दिसला. उशाकडची फळी उचललेली होती. खाली चटईवर एक ओलं फडकं पडलं होतं, आणि त्याच्याशेजारी कोरं फडकं पसरून ठेवलं होतं. त्यात खडेमीठ, मोहरी, लाल मिरच्या आणि एक पिवळं लिंबू. ओल्या फडक्यातलं लिंबू काळं पडून फुटलं होतं, मिठाचं पाणी झालं होतं.

"किती दिवस ठेवतेस हे?"

"मामाने त्या बाईचं सांगितलं तवापासनं. शनवारी बदलते."

"आणि मी बघायला येते तेव्हा?"

"तू हत्यारांची पेटी घेतलीस की मी कचरा टाकायच्या निमित्ताने आधी खाली येते. काढून पिशवीत घालते." "मागच्या वेळी दिवे जास्तच पेटायला लागले. म्हणून मीठ वाढवलं."

मी स्टुलाजवळ खाली बसले. आई घाबरली की मीठ ठेवत होती, मीठ बोल्ट खात होतं, दिवे पेटत होते, आई आणखी घाबरत होती. इतकं सोपं होतं, आणि माझ्या अंगावरचा काटा जात नव्हता.

"दारावर का नाही बांधलंस? सगळे बांधतात तसं, पुढे. बाहेर."

"तुझ्या बापाला दिसलं असतं."

ते खरं होतं. आम्ही बौद्ध. आईच्या माहेरी दृष्ट काढायचे, उतारे टाकायचे. आप्पांनी आमच्या घरातून ते सगळं बाहेर घालवलं, आणि त्यांचा राग नुसता पुस्तकातला नव्हता. गाळ्यात दर शनिवारी पॉलिशच्या मशीनला ताजं लिंबू-मिरची बांधायचे. आप्पा सांगायचे, आम्ही तोंडाला बांधायला फडकं मागितलं तर मालक म्हणायचे बघू, आणि मशीनच्या लिंबाला कधी खाडा नाही. लिंबू मशीनला, धूळ आम्हाला. हे सांगताना त्यांना खोकला यायचा.

"त्यांना सांगू नको," आई म्हणाली. "छातीनं हाय ते हाय. ह्यानं मनानं खचतील. म्हणतील, माझ्याच उशाखाली."

"नाही सांगत."

"तुला तुझं शिक्षण हाय. त्यांना त्यांचं विहार हाय. मला भ्या वाटलं तर मी कुठं जाऊ?"

ज्या बाईने मला शाळेत पाठवायला शेजारणींचे लाकडांचे भारे मजुरीने डोक्यावर वाहिले, तिला मी त्या सगळ्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं की शेवटचं काय बदललं.

मी घरून हत्यारांची पेटी आणली. त्या दुपारी बोल्ट आईच्या समोर काढला, जागा बदलून वर, कोरड्या पत्र्यावर नवीन भोक पाडून आवळला, ग्रीस लावलं. आरशाची ती जुनी तार कापून टाकली. आईने टॉर्च धरला, पाना दिला, घाम पुसला. मग मी मीटरची दोन्ही टोकं तिच्या हातात दिली. एक इथे, एक तिथे. काटा हलला नाही.

"हलला तर?"

"हलला तर मला सांग. मी तिथेच असेन."

तिने पंखा स्वतः लावला. आरसा काळाच राहिला. तरी ती त्याच्याकडे बघत बसली, आणि निघताना म्हणाली, "उगी बसलीय." दोन्ही पुरचुंड्या तिने पिशवीत घातल्या. त्यांचं पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.

जायच्या दिवशी पहाटे मामांनी आणि मी आप्पांना खुर्चीसकट उचलून गाडीत चढवलं. आरशावर आईची एक जुनी साडी बांधलेली होती, चारही कोपरे खिळ्यांना.

"आरसा का झाकला?" आप्पांनी विचारलं.

"ऊन मारतं डोळ्यावर."

"उजाडायचंय अजून," आप्पा म्हणाले. पण त्यांनी पुढे ताणलं नाही. आई पलंगाला चिकटून बसली, मीटर मांडीवर घेऊन. मामा म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही पण लाइटवाल्या झालात." पेणला चहाला थांबलो तेव्हा आई उतरली नाही. तिने टोकं लावली, काटा पाहिला, टोकं काढली.

घाटात गाड्या अडकल्या होत्या. पुढे कुठे ट्रक बंद पडला होता. इंजिन तापलं म्हणून मामांनी ते बंद केलं. आता सगळा भार बॅटरीवर. दोन्ही बाजूंना डोंगराची सावली, रांगेतला एकही भोंगा वाजत नव्हता. आप्पांचा डोळा लागला होता. मी घरघर ऐकत होते. आणि मग मशीन ओरडायला लागलं.

मला माहीत आहे की माझी नजर आधी कुठे जायला हवी होती. मशीनवर दिवा असतो, तो काय बिघडलं ते सांगतो. मी त्या दिव्याकडे बघितलं नाही. मी आरशाकडे बघितलं. साडीच्या आत लाल काही दिसतंय का ते बघितलं. आप्पांचा श्वास अडखळत होता, आणि मी, बी.एस्सी., साडीकडे बघत होते.

साडी काळोखी होती. एका कोपऱ्याशी ती जराशी हलत होती, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने.

"काटा न्हाय हलला!" आई ओरडली. टोकं तिच्या दोन्ही हातांत होती. "अगं, काटा न्हाय हलला!"

म्हणजे वीज ठीक होती. मी मशीनवर झेपावले. हवा पुढे जात नाही, असा इशारा. नळी हातात धरून मी तिच्यामागे गेले, मशीनपासून पलंगापर्यंत, चादरीवरून, आणि ती आईच्या गुडघ्याखाली गेली. बॅटरीच्या पेटीत टोकं लावायला ती वाकली होती आणि सगळा भार त्या गुडघ्यावर होता.

"आये, उठ."

ती उठली. नळी फुगून सरळ झाली. मशीन गप्प झालं आणि पुन्हा घरघरायला लागलं. आप्पांनी डोळे उघडले. त्यांचे ओठ निळसर झाले होते, मग हळूहळू रंग आला.

"काय झालं?"

"माझा गुडघा," आई म्हणाली.

आप्पांना कळायला वेळ लागला. "एवढी घाई झाली का तुला?" ते म्हणाले आणि हसले, हसताना खोकले. पुढून मामांनी विचारलं, "थांबवू का गाडी?"

"थांबलेलीच आहे, मामा."

आई हसली नाही. स्वतःच्या गुडघ्याकडे ती बघत होती, तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी. नंतर गावापर्यंत ती बसलीच नाही. आडव्या दांड्याला धरून उभी राहिली.

वाडीत पोचलो तेव्हा दुपार उतरत होती. विहाराला निळी-पांढरी पताका लावलेली होती. आप्पांनी तिथे बसून वंदना म्हटली, नळी नाकात, मशीनची वायर खिडकीतून बाहेर. शब्द तुटत होते, पण लोक त्यांच्यासाठी थांबत होते. तुटलेल्या जागी कुणी पुढे गेलं नाही.

मग त्यांना घराच्या ओटीवर आणलं. मशीन घराच्या विजेवर लावलं. मामा गाडीत जाऊन झोपले. आजूबाजूची बरीच घरं बंद होती, माणसं मुंबईला. पौर्णिमेसाठी आलेले विहाराकडेच होते. ओटीवर आम्ही तिघंच.

"ते जरा बंद कर," आप्पा म्हणाले.

"काय?"

"मशीन. किती दिवस झाले, त्याच्याशिवाय कानात काही पडलं नाय."

मी आईकडे बघितलं. डॉक्टरांनी थोडा वेळ चालेल म्हटलं होतं. आई उठली आणि मशीनजवळ जाऊन बसली. बटण तिनेच दाबलं.

घरघर थांबली. त्यानंतर जी शांतता आली तिची मला सवय नव्हती. भीती वाटली. मग एक एक ऐकू यायला लागलं, परसातल्या फणसाची पानं, कुणाच्या तरी गोठ्यातली साखळी, विहाराकडून पुसटसे आवाज. आणि या सगळ्याच्या वर आप्पांचा श्वास, उघडा, एकटा, आत जाताना सुकी पानं चुरडल्यासारखा. मशीनखाली तो आम्हाला कधी ऐकूच आला नव्हता. असा वाजतो हे मला माहीतच नव्हतं.

आप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"पुरे," आई म्हणाली.

त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. अजून जरा.

आईने बटणावर बोट ठेवलं, त्यांच्या छातीकडे बघत, आणि थांबली.